पोचले की रिंग दे

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी "अगं, एवढं काय त्यात" असं म्हणायला नको. मला कुत्र्यांची भीती वाटते, हायवेवर शेजारून जाणाऱ्या मोठ्या ट्रकची वाटते, आणि मॅनेजरने "उद्या जरा बोलू" एवढा मेसेज टाकला तरी रात्रभर झोप लागत नाही. असली बाई पायाला स्नोबोर्ड बांधून कोलोरॅडोच्या डोंगरावर काय करत होती, असा प्रश्न माझ्या नवऱ्याला पडला होता. मलाही पडला होता. उत्तर एवढंच की मैत्रिणी.

पुण्याला इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये आम्ही तिघी एका खोलीत होतो. त्यातली एक कॉलेज संपल्या संपल्या नोकरीसाठी जपानला गेली आणि तिकडचीच झाली. तिला आम्ही जपानवाली म्हणतो. दुसरी नागपूरची. आता ती नवरा-मुलींबरोबर इकडे अमेरिकेत पार्सिपनीला राहते, पण आमच्यासाठी ती नागपूरकरच. आणि मी मूळची सातारची, आता इकडच्याच मॉरिसव्हिलची. व्हॉट्सॲपवर रोज बडबड चालायची, पण तिघी एका छपराखाली आलो त्याला युगं लोटली होती.

खरं तर जपानलाच जायचं होतं. तिकडे बर्फ कसा पिठासारखा पडतो, स्नोबोर्डवरून घसरताना कसं वाटतं, याचे व्हिडिओ टाकून टाकून जपानवालीने आम्हाला भंडावून सोडलं होतं. मी उत्साहाने "येतेच" म्हणून बसले आणि दुसऱ्याच दिवशी पासपोर्ट उघडला. व्हिसाचा शिक्का कधीचाच संपलेला. इथे राहायला आणि नोकरी करायला माझे कागद ठीक आहेत, पण देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येताना नवा शिक्का लागतो, आणि तो कधी मिळेल, मिळेल की नाही, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ग्रीन कार्डच्या रांगेचं तर विचारूच नका. त्यात माझ्या व्हिसाच्या जोरावर नवरा आणि मुलगा इथे राहतात. मी बाहेर अडकले की सगळंच अडकलं.

"मला नाही जमणार," मी ग्रुपवर सांगितलं. "आत नाही घेतलं तर?"

"बरं बाई, तू बस तिथे घाबरून," जपानवाली म्हणाली. "मीच येते. बर्फ काय तुमच्याकडे पडत नाही?"

अशी ती समुद्र ओलांडून आली. नागपूरकर पार्सिपनीहून आली, मी मॉरिसव्हिलहून, आणि डोंगराच्या पायथ्याला एक लाकडी घर आम्ही भाड्याने घेतलं. नागपूरकरने पहिल्याच संध्याकाळी जाहीर केलं, "मी काही ते फळीवर चढणार नाही बाप्पा. मी बर्फ खिडकीतून पाहीन." तिच्या बॅगेत पोहे होते, मेतकूट होतं, डिंकाचे लाडू होते, चहाची पावडर आणि आलं होतं. कपडे होते की नाही देव जाणे.

पहिल्या दिवशी जपानवालीने मला लहान मुलांच्या उतारावर नेलं. दोन्ही पाय एका फळीला घट्ट बांधलेले, म्हणजे पडताना पाऊल टाकून सावरायचीही सोय नाही. माझ्या शेजारून चार-पाच वर्षांची पोरं खिदळत जात होती आणि मी दर हातभर अंतरावर आपटत होते. पाळण्यासारखी ती उघडी लिफ्ट वर जाताना मी डोळे मिटून दांडा धरून बसायचे. वर जपानवालीने एक फलक दाखवला. मोठ्या देवदाराच्या बुंध्याभोवती बर्फ वरून भरलेला दिसतो पण फांद्यांखाली पोकळ असतो, माणूस आत जातो आणि वरून बर्फ पडून गाडला जातो, असं त्यावर लिहिलेलं होतं.

"गेलीसच आत तर हातपाय झाडू नकोस," ती म्हणाली. "खोड धरायचं. तोंडासमोर जागा ठेवायची. आणि हाका मारायच्या."

"मला हे कशाला सांगतेस?" मी किंचाळलेच. त्यानंतर मला प्रत्येक झाड संशयित वाटायला लागलं.

संध्याकाळी मात्र मजा आली. खिडकीबाहेर बर्फ, आत शेगडी आणि तिघी एका पांघरुणात. होस्टेलच्या बाई, त्यांची ती बॅटरी, मेसमधली पाण्यासारखी आमटी, सगळं निघालं. मग आमच्या मिस्ड कॉलचा विषय निघाला. तेव्हा मोबाइल नवे होते आणि बोलणं महाग. सुट्टीहून परत आलं की घरी एक रिंग द्यायची आणि कट करायची. म्हणजे पोचले. सातारला माझे बाबा फोनशेजारी खुर्ची टाकून बसायचे. रिंग वाजली की हात पुढे जाणार, तेवढ्यात आई ओरडायची, "उचलू नका, पोरीचे पैसे जातील!" आणि बाबा हात मागे घेऊन शांतपणे जेवायला उठायचे. आम्ही तिघींनीही एकमेकींत तेच चालू ठेवलं होतं. आता पैशांचा प्रश्न नव्हता, पण सवय सुटली नव्हती. इथल्या विमानतळावर उतरल्यावरही तिघींनी एकमेकींना रिंगच दिली होती, आणि कुणीही उचलली नव्हती.

"मला नाही आवडत ते आता," नागपूरकर मधेच म्हणाली. "माझी आई शेवटी आजारी होती ना, तेव्हा मी रोज फोन करायची. ती रोज म्हणायची, मी बरी आहे. अन् मी मानून घेत राहिली. शेजारच्या काकूंना विचाराले पाहिजे होतं. त्यांच्या हातात फोन द्याले सांगाले पाहिजे होतं."

जपानवालीने तिच्या पायांवर पांघरूण ओढलं. मग तीच उठली आणि म्हणाली, "चला, चहा मांडते. कितीचा मांडू?" त्यांच्याकडे चहा टाकत नाहीत, मांडतात. आणि किती माणसं पिणार हे पक्कं कळल्याशिवाय तिचं आधण गॅसवर चढत नाही. चहा वाया गेला की तिला वाईट वाटतं, कमी पडला तर त्याहून वाईट.

पण तिचा हा सगळा जीव लावण्याचा प्रकार दुसऱ्या दिवशी डोंगरावर मला जड जायला लागला. मी कशीबशी एक वळण घेत असायचे आणि खिशात फोन थरथरायचा. "जेवल्या का?" "थंडी तर नाही वाजून राहिली?" "चहा मांडू का?" एका फोनमुळे मी चक्क एका अनोळखी काकांच्या अंगावर जाऊन पडले. तिसऱ्या दिवशी सकाळी बूट घालताना तिने माझ्या जॅकेटच्या खिशात डिंकाचा लाडू कोंबला आणि विचारलं, "किती वाजता फोन करू?"

माझं डोकं सटकलं. "आज एकही फोन करायचा नाही! आम्ही काय कुकुली बाळं आहोत? मला एक तर या फळीवर उभं राहता येत नाही, त्यात तुझं सारखं चहा मांडू, चहा मांडू!"

 "बरं," ती म्हणाली आणि आत गेली. जपानवालीने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मला लगेच वाईट वाटलं, पण एकदा तोंडातून निघालं की मागे घ्यायला माझी जीभ वळत नाही.

दुपार कलायला लागली तोवर माझ्या मांड्या लटपटत होत्या. सकाळपासून बर्फ पडत होता आणि आता तो दाट झाला होता. जपानवालीला मात्र अंगात आल्यासारखं झालं होतं. असल्या ताज्या बर्फासाठी लोक जपानला येतात, असं तिचं चाललं होतं. तिला शेवटची लिफ्ट बंद होईपर्यंत वरच्या अवघड उतारावर जायचं होतं.

"मी जाते घरी," मी म्हणाले. "माझ्यात काही राहिलेलं नाही."

"एकटी जाशील? काल आलो तोच रस्ता. सोपा आहे."

"जाईन गं. जा तू."

"पोचलीस की रिंग दे. मेसेज नको, माझ्या जपानच्या नंबरवर मेसेज उशिरा येतात. रिंग आली की मी निवांत."

"देते," मी म्हणाले, आणि ती वरच्या लिफ्टकडे गेली.

रस्ता खरंच सोपा होता. डोंगराला वळसा घालून तो आमच्या घरांच्या रांगेपाशी उतरतो. पण शेवटचा तुकडा सपाट आहे आणि बोर्डवाल्यांना सपाट जागा म्हणजे डोकेदुखी, कारण वेग संपला की फळी जागीच थांबते. माझी थांबली. मागचा पाय पट्ट्यातून सोडवला आणि पुढचा बांधलेला ठेवून, लहान मुलं एक पाय वर ठेवून स्कूटर रेटतात तशी ती ढकलत निघाले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ताज्या बर्फाने रस्त्याची कड दिसेनाशी झाली होती. मी थोडी डावीकडे गेले असेन, नक्की सांगता येणार नाही. पायाखालचा बर्फ सुटला आणि मी खाली गेले.

पडणं काही मला नवं नव्हतं. पण हे पडणं संपेचना. फांद्या तोंडावर आपटल्या, वरून बर्फाचा ढीग धप्पकन डोक्यावर आला, आणि सगळं थांबलं तेव्हा मी एका देवदाराच्या बुंध्याशी छातीपर्यंत रुतून उभी होते. उभी म्हणजे तिरकी. बांधलेला पाय खाली कुठेतरी फांद्यांत अडकलेला, फळी आडवी फसलेली. पट्ट्यापर्यंत हात पोचत नव्हता. दुसऱ्या पायाखाली काहीच लागत नव्हतं. पोकळ!

फलकावरची ती झाडं मला आठवली आणि मी हातपाय झाडले. जे करू नकोस म्हणून सांगितलं होतं तेच आधी केलं. फांदीवरचा बर्फ पुन्हा कोसळला आणि छातीवरचा थर खांद्यापर्यंत आला. नाकातोंडात बर्फ गेला. मी थुंकले, खोकले, आणि मग एक हात खोडाभोवती टाकून त्याला अशी मिठी मारली की बस. सालीचा ओला वास येत होता. 

"हेल्प!" मी ओरडले. मग "कोणी आहे का?" मग नुसतंच "ए!" बर्फात आवाज जात नाही हे तेव्हा कळलं. आपण उशीत तोंड खुपसून ओरडतो ना, तसा तो तिथल्या तिथेच मरतो.

फोन आतल्या खिशात होता. मोकळ्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला, छातीवरचा बर्फ उकरला, चेन उघडली आणि फोन बाहेर काढला. तो हातून निसटला तर काय, या विचाराने तो इतका घट्ट आवळला होता की जपानवालीचं नाव दोनदा हुकलं. तिसऱ्यांदा लागलं. पलीकडे रिंग वाजायला लागली. मी जोरात श्वास घेतला, काय बोलायचं ते जुळवलं, रस्ता, सपाट, डावी बाजू, झाड. रिंग परत वाजली, अर्धवट, आणि फोन काळा झाला.

थंडीत फोनची बॅटरी अशी एकाएकी जाते म्हणे. काखेत धरून गरम केला. उजळला, मालकाला ओळखलं न ओळखलं, पुन्हा गेला. परत काखेत. परत उजळलाच नाही.

ठीक आहे, मी स्वतःला म्हणाले. रिंग तर गेली. तिला मिस्ड कॉल दिसेल, ती करेल परत, लागणार नाही, तिला शंका येईल.

आणि मग माझ्या अंगातून थंड मुंग्या निघाल्या. त्या बर्फाच्या नव्हत्या. तिला शंका येणार नव्हती. रिंग गेली आणि कट झाली, म्हणजे मी पोचले होते! वर लिफ्टवर बसून तिने खिशातला फोन पाहिला असणार आणि "पोचली बाई एकदाची" म्हणून तो परत ठेवला असणार. परत फोन करायचाच नाही, हीच तर आमची पद्धत. बाबांसारखा तिचाही हात मागे गेला असणार.

राहिली नागपूरकर. तिला वाटत असणार, दोघी अजून डोंगरावर मजा करतायत. आणि जी बाई दर थोड्या वेळाने फोन करून कुठे आहात विचारायची, तिला मीच सकाळी झापून गप्प बसवलं होतं. म्हणजे या पृथ्वीच्या पाठीवर मी हरवले आहे हे माहीत असलेलं एकच माणूस होतं, आणि ते या झाडाला मिठी मारून उभं होतं.

मी रडले. मोठ्याने रडले, नाक गळत, लहान मुलासारखी. रडताना शरीर हलतं आणि हललं की बर्फ पडतो, म्हणून मग रडणंही आवरावं लागलं. एवढी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती. भीती वाटली की मी नेहमी कुणाला तरी सांगते. नवऱ्याला, मैत्रिणींना, ऑफिसातल्या बाईला. तिथे सांगायला कुणी नव्हतं आणि त्यामुळे ती आत नुसती वाढत चालली होती.

डोक्यात काय काय येत होतं! मुलाला उद्या क्लासला कोण सोडणार? मग आठवलं की तो आता स्वतः गाडी चालवतो. मग आलं की मी गेले तर माझा व्हिसा जाणार, आणि माझ्याबरोबर त्या दोघांचाही. माझ्यासाठी रडून होण्याच्या आत त्यांना घर आवरून देश सोडावा लागणार. परत येता येईल का, या भीतीने मी जपानला गेले नाही. आणि इथे, घरापासून हाकेच्या अंतरावर, मी परत जाऊ शकत नव्हते. मला हसू आलं की काय कोण जाणे, तोंडातून काहीतरी विचित्र आवाज निघाला. मला माझीच भीती वाटली.

उजेड करडा होत चालला होता. बांधलेला पाय आधी दुखत होता, मग दुखायचा थांबला, आणि थांबल्यावर जास्त घाबरले. मोजा पुन्हा घालायला गेले तर तो दातांतून कधी पडला ते कळलंच नव्हतं. हात जॅकेटच्या खिशात घातला आणि बोटांना प्लास्टिकची पिशवी लागली. डिंकाचा लाडू. दगडासारखा झाला होता. मी तो चाटला, दाढेखाली धरून तोडला. खारीक, तूप, जायफळ. तो खाताना मी मनातल्या मनात नागपूरकरला म्हणत होते, कर ना गं फोन, एकदा कर, माझं ऐकू नकोस, तू कधीपासून माझं ऐकायला लागलीस? अर्धा लाडू खाऊन उरलेला ठेवून दिला. किती वेळ पुरवायचा हे माहीत नव्हतं.

मग हाका मारायच्या, थोडं थांबायचं, परत मारायच्या, एवढंच काम राहिलं. घसा बसला. वरून बर्फ पडतच होता आणि मला कळत होतं की रस्त्यावरची माझी घसरण तो हळूहळू पुसून टाकतोय. अजून थोड्या वेळाने तिथून कुणी गेलं असतं तरी त्याला काही दिसलं नसतं. झोप यायला लागली. झोपायचं नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी पाढे म्हणायला लागले. एकोणिसाचा मला शाळेतही येत नव्हता, तिथेही आला नाही.

वरून कुठून तरी आवाज आला. मला वाटलं भास आहे. मग परत आला, आणि भासात कुणी माझ्या नावाने एवढं केकाटत नाही.

"आहेस का गं? ए! आहेस का?"

जपानवाली होती. मी ओरडायला तोंड उघडलं तर नुसती हवा आली. मोकळ्या हाताने फांदी गदागदा हलवली. सगळा बर्फ माझ्याच डोक्यावर आला, आणि त्या बर्फाखालून माझ्या तोंडून जी शिवी निघाली ती मी इथे लिहीत नाही. होस्टेलच्या बाईंसाठी राखून ठेवलेली होती ती.

"आहे! जिवंत आहे! शिव्या देतेय!" जपानवाली वर कुणाला तरी मराठीतच सांगत होती, आणि ती रडत होती.

डोंगरावर गस्त घालणारे दोघे तिच्याबरोबर होते. त्यांनी दोर टाकला, एक जण खाली आला, फावड्याने बर्फ काढत काढत माझ्या पायापर्यंत पोचला आणि पट्टा सोडवला. मला काय विचारत होता ते मला कळत नव्हतं. मी इंग्रजी विसरले होते. मी त्याचं जॅकेट मुठीत धरून ठेवलं होतं आणि त्याने सोडवलं तरी सोडत नव्हते.

पाय शाबूत होता. घोटा सुजला होता, बोटं बधिर झाली होती, बाकी काही नाही. त्यांच्या खोलीत हीटरसमोर मला गुंडाळून बसवलं आणि तिथे नागपूरकर आली. घरातल्याच चपला, अंगावर शाल, केसांत बर्फ. ती माझ्याजवळ आली नाही. दारातच उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"कसं कळलं?" मी विचारलं. आवाज फाटलेला.

जपानवालीने सांगितलं. तिला माझी रिंग आली आणि तिने फोन ठेवून दिला, अगदी मला वाटलं होतं तसंच. त्यानंतर ती आरामात वर-खाली करत राहिली. मग तिला नागपूरकरचा फोन आला. "चहा मांडते. कितीचा मांडू?" जपानवाली म्हणाली, "अगं, मला वेळ आहे. तुमच्या दोघींचाच मांड." नागपूरकर म्हणाली, "दोघी कोण? मी एकटी आहे इथे." त्यावर जपानवाली म्हणे लिफ्टवर बसल्या बसल्या ओरडली.

"मी तुला सांगितलं होतं फोन करू नकोस," मी नागपूरकरला म्हणाले. मला थँक यू म्हणायचं होतं. तोंडातून हे निघालं.

"हो," ती म्हणाली. "म्हणून तुले नाही केला. तिले केला." आणि मग ती आली, मला शालीसकट कवेत घेतलं आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "मूर्ख! पाणी उकळून उकळून आटून गेलं माझं."

नवऱ्याला यातलं काहीही कळवायचं नाही, असं मी दोघींकडून वदवून घेतलं. फोनवर ऐकून तो काय करणार, नुसता घाबरणार. घरी जाऊन समोरासमोर सांगेन. तिघी एकाच विमानतळावरून निघालो. निरोप घेताना जपानवालीने सवयीने तोंड उघडलं, "पोचलीस की रिं..." आणि गप्प बसली. कुणी हसलं नाही.

मॉरिसव्हिलला घरी पोचले. लंगडत आत आले, पाय मुरगळला एवढंच सांगितलं. नवऱ्याने बॅग आत घेतली, मुलगा वरूनच "हाय मॉम" म्हणाला. मी शूज न काढताच नागपूरकरला फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिने उचलला.

"पोचले," मी म्हणाले.

"खरंच पोचली?"

"अगं हो. घरात उभी आहे."

"कोण आहे तिथे?"

"हा आहे. का?"

"त्यांच्या हातात दे फोन."

 मी फोन नवऱ्याच्या हातात दिला. त्याला कशाचाच पत्ता नव्हता. तो माझ्याकडे बघत भुवया उडवत हसत होता आणि पलीकडून ती त्याला काहीतरी परत परत विचारत होती.

"हो हो," तो म्हणाला, "आली ना. नाही, खरंच. हो, दिसतेय मला. ही काय, माझ्यासमोर उभी आहे."

आणि मी जी उभी होते ती तिथेच चपलांच्या कपाटाशेजारी मटकन खाली बसले.